मोटारीखालचे मालक

मोटार थांबेना.

घाटाचं पहिलं वळण आम्ही नीट उतरलो होतो. दुसऱ्या वळणाच्या आधी ड्रायव्हरनं बिरीक दाबला आणि मोटारीनं तो जुमानला नाही. ड्रायव्हरला आम्ही सगळे चाचा म्हणायचो. "पकडताच नई," असं ते एकदाच म्हणाले. मग त्यांनी हाताचा बिरीक ओढला. तोही नावालाच होता.

मागच्या बाकावर अक्का आडवी होती, डोकं माझ्या मांडीवर. तिला कळा येत होत्या. मूल आडवं होतं, आणि दाईनं हात टेकले होते. म्हणून आम्ही बीडच्या सरकारी दवाखान्यात निघालो होतो. अक्काचा नवरा, म्हणजे आमचे घरमालक, मोटारीच्या बाहेरच्या पायरीवर उभे होते. एका हातात टपाची दांडी आणि दुसऱ्या हातात बाभळीचा ठोकळा. गाडीवान घाटात चाकापुढं दगड लावतात, तसा तो ठोकळा त्यांनी मोटारीसाठी करून घेतला होता. गाव त्याला हसलं होतं.

मोटार तेव्हा माणसाच्या पळण्याइतकीच जोरात होती. मालकांनी खाली उडी टाकली. पुढं पळाले, वळले आणि चाकापुढं ठोकळा टाकला. चाक ठोकळ्यावर चढलं, ठोकळा बाजूला उडाला, मालक पालथे पडले आणि मोटार त्यांच्यावरून गेली.

माझ्या मनात पहिला विचार आला तो चांगला नव्हता, पण आला तसा सांगते. मला वाटलं, खाली जायची या माणसाला सवयच आहे.

आम्ही त्यांच्या घरात भाड्यानं राहायचो. माझा नवरा करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपाई होता. राज्य निजामाचं, आणि गाव मांजरसुंब्याच्या पलीकडं, घाटाच्या डोक्यावर. मी चौथी शिकलेली, नवी नवी संसाराला लागलेली. मालकांच्या दोन खोल्या आमच्याकडे होत्या. वर मातीचं माळवद. पावसाळ्यातल्या एका दुपारी मी भाकरी थापत होते, तर मालक दारात येऊन उभे. पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला काही नाही.

"बाई, तुमच्या चुलीपाशी जरा आडवं व्हायचं हाय."

मी थापती भाकरी परातीत टाकली. "तुमच्या घरात जागा न्हाई का?"

"तितलं माळवद गळत न्हाई. हितलं गळतं का ते बगायचंय."

"मग बगा की वर मान करून."

"मान करून काय दिसतंय? गळती डोळ्याला दिसत न्हाई. अंगाला कळती."

आणि आडवे झाले. सरळ उताणे, हात बाजूला, डोळे मिटलेले. मी त्यांना वळसे घालून भाकरी केल्या. माझा नवरा घरी आला तेव्हा घरमालक चुलीपाशी निजलेले आणि बायको त्यांच्या पायावरून पाण्याची घागर नेतेय, हे बघून तो दारातच थांबला. तिन्हीसांजेला मालक उठले. डाव्या खांद्यावर मातकट डाग होता. त्यांनी तो मला दाखवला, मापानं जागा धरली, आणि दुसऱ्या दिवशी माळवदावर बरोबर तिथंच पांढरी माती टाकून घेतली. पुढं आम्ही त्या खोल्यांत होतो तोवर तिथं थेंब पडला नाही.

पांढरे कपडे त्यासाठीच होते. गावात दुसरे जमीनवाले रंगीत फेटे बांधायचे, कोशाच्या रेशमाचे सदरे शिवायचे. यांचं सगळं पांढरं. परटाला बजावलेलं असायचं की जरासाही जुना डाग राहू देऊ नको, नाहीतर नवा ओळखू येत नाही.

नेकनूरच्या बाजारात म्हैस घेताना ते तिच्या पोटाखाली निजले होते, ही गोष्ट मी माझ्या नवऱ्याकडून ऐकली. तो तिथं होता. काही म्हशींचा सड ढिला असतो, दूध आपोआप गळून जातं आणि धार काढायला बसावं तर हाती काही लागत नाही. विकणारा ते सांगत नाही. म्हणून मालक भर बाजारात तिच्याखाली. लोक गोळा झाले. म्हशीनं बराच वेळ काही केलं नाही, मग शेपूट उचलून सगळं एकदमच केलं. बाजार हसून लोळला. एकजण ओरडला, "मालक, कळलं का अंगाला?"

मालक उठून बसले. तोंड पुसलं. म्हणाले, "कळलं. पोट साफ हाय, सड घट हाय. सोडा दावं." आणि ती म्हैस घेऊन आले.

नवं काही त्यांना आवडायचं नाही. घड्याळ जुनं, बाज जुनी, उसाचा चरक दुसऱ्याच्या मळ्यातून उचलून आणलेला. म्हणायचे, "नव्या वस्तूतबी खोड असती, पन ती अजून तिची तिलाच ठाव नसती. जुनीनं आपली खोड दावलेली असती. आपुन निस्तं नीट बगायचं."

त्यांची बायको, म्हणजे अक्का, पाटाची होती. पहिला नवरा मेल्यावर मालकांनी तिला पाट लावून आणलं. पारावरची माणसं त्यावर बोलायची. एकदा मी पाण्याला चालले होते आणि मालक माझ्या पुढं चालले होते. पारावरून एक म्हातारा दुसऱ्याला मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "काय बे, घड्याळ जुनं, बाज जुनी, आन् बायकोबी जुनीच!" दुसरा पुढं जे म्हणाला ते लिहिण्यासारखं नाही.

मालक थांबले. रागावले नाहीत. "हौ," म्हणाले. "आन् तिनंबी जुनाच नवरा घेतलाय. माझी पयली मेली तवा तूच खांदा दिलता की." आणि चालायला लागले.

अक्का दिसायला साधी, बोलायला तिखट. मालकांना सगळ्या गावात ती एकटीच उलटून बोलायची, आणि मालक सगळ्या गावात तिचं एकटीचंच ऐकायचे. तिचा पहिला नवरा विहीर खणताना गेला होता. दरड अंगावर आली. काढून अंगणात ठेवला तेव्हा वर घातलेली चादर आखूड पडली आणि पाय उघडे राहिले, दक्षिणेकडं केलेले. अक्का मला म्हणाली होती, "मला त्याचं तोंड आठवत न्हाई बग आता. निस्ते पाय आठवत्यात." हे तिनं एकदाच सांगितलं, डाळ निवडताना. पण घरात कुणाचीही बाज ती कधी दक्षिणेकडं पाय येतील अशी टाकू द्यायची नाही. माझ्या खोलीतली सतरंजीसुद्धा एकदा तिनं येऊन फिरवली होती.

मालकांपासून तिला पहिलं मूल होणार होतं तेव्हाही ते आडवंच होतं. बैलगाडी जुंपून बीडला निघाले. घाटात बैलांना हाकता येत नाही. हाकलं तर गाडी अंगावर येते. एकेक पाऊल टाकत उतरायचं. गाडी घाटाखालच्या पालीपर्यंतसुद्धा पोचली नाही. अक्का वाचली, मूल गेलं. मालक गाडीच्या मागं चालत परत आले. तेव्हा मी तिथं नव्हते, हे सगळं मला गावानं सांगितलं. गावानं हेही सांगितलं की त्यानंतर ते बैलांना कधी शिवी देत नसत. त्यांची चूक नव्हती म्हणायचे.

अक्काला पुन्हा दिवस गेले तेव्हा मालक म्हणाले, "ह्या येळंला मोटार."

त्या भागात मोटारी म्हणजे बोटावर मोजण्याइतक्या. नवी घ्यायची ऐपत असती तरी त्यांनी घेतली नसती. कुणा जहागीरदाराची वापरलेली मोटार विकायची आहे असं कळलं. तिचा दलाल ती घेऊन आमच्या अंगणात आला. मोटार फाटकातून जेमतेम आत आली. तोंड गोठ्याच्या भिंतीला आणि ढुंगण फाटकाकडं. फाटक दक्षिणेला होतं.

सगळं गाव भिंतीवर चढून बसलं. दलाल लखनवी सदरा घातलेला, तोंडात पान. "देखो मालक, हवा है हवा. एक बूंद टपकी तो मेरा नाम बदल देना."

मालकांनी मोटारीकडं नाही बघितलं, खालच्या जमिनीकडं बघितलं. मग म्हणाले, "तापवा."

"क्या?"

"चालू करा आन् तापवा. थंड मोटार सगळ्यांचीच चांगली असती. तेल तापलं की पातळ हुतं. मग बगू."

दलालानं हँडल मारलं. मोटार हादरायला लागली, धूर झाला, कोंबड्या माळवदावर गेल्या. चांगली तापल्यावर मालकांनी ती बंद करायला लावली आणि पुढच्या चाकांच्या मागून आडवे आत सरकले. डोकं एका बाजूनं बाहेर, पाय दुसऱ्या बाजूनं. छाती नेमकी इंजिनाखाली.

भिंतीवरून कुणीतरी विचारलं, "मालक, कावून झोपलाव खाली? घरात बाज न्हाई का?"

"म्हशीनं केलं तसं करंल हां!" दुसरा म्हणाला.

मालकांनी उताणे पडून वर हात नेला. जिथं जिथं हात पोचेल तिथं तळवा लावायचा, नाकाशी न्यायचा, सदऱ्याच्या बाहीला पुसायचा. मग पुढं. मला ते भलतंच वाटलं होतं. पण मी भांडी घासत बघत होते, आणि बघता बघता माझ्या लक्षात आलं की हा माणूस नुसता निजलेला नाही, मोटारीला आतून चाचपतोय.

"हे पुसलेलं हाय," खालून आवाज आला. "पुसलं कावून?"

"साफसफाई, मालक. मेहमान के सामने गंदी चीज लाते क्या?"

"तापवा आजून."

पुन्हा तापवली. ते खालीच. दलालाचं पान संपलं, त्यानं दुसरं लावलं. सकाळची उन्हं अंगणाच्या मध्यावर आली. शेवटी मालक बाहेर आले आणि अंगणाच्या मधोमध उभे राहिले. सदऱ्यावर छातीशी एक बारका डाग होता. त्यांनी तो चिमटीत धरून हुंगला. "जुनंच तेल हाय. पुसायचं ऱ्हायलेलं. गळती न्हाई." भिंतीवरची माणसं जराशी हिरमुसली.

खरं तर इथं काम अर्धंच झालं होतं, आणि ते मालकांना ठाऊक होतं. जेवण झाल्यावर नवा धुतलेला सदरा घालून ते मागच्या बाजूनं आत शिरायला लागले. मागून शिरायचं म्हणजे डोकं आधी आत. दलाल म्हणाला, "पीछे क्या देखना मालक? मशीन तो आगे है."

"चाकाला तेल लागतं का न्हाई? मग मागंबी तेल हाय. तेल हाय तितं गळती."

ते सरकत सरकत आत गेले. कमरेपर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत. बाहेर राहिले नुसते पाय. फाटकाकडं. दक्षिणेला.

तेवढ्यात अक्का दलालासाठी ताकाचा तांब्या घेऊन बाहेर आली.

तिच्या हातातून तांब्या पडला नाही. तिनं तो नीट ओट्यावर ठेवला. मग ती मोटारीपाशी गेली, सातवा महिना लागलेला असताना खाली बसली, आणि दोन्ही हातांनी त्यांचे घोटे धरून ओढायला लागली. मी धावले. ती मला ढकलून पुन्हा ओढायला लागली.

मालक खालून म्हणाले, "कोन हाय? काय झालं?"

"भायेर या."

"आगं, आत्ता तर आलोय. मागचं चाक..."

"भायेर या म्हनते ना!"

ते बाहेर आले. सदरा अजून कोरा होता, हात मागच्या चाकापर्यंत पोचलेच नव्हते. अक्का जमिनीवर बसून त्यांच्या पायांकडं बघत होती. ते तिच्यापुढं उकिडवे बसले आणि हळू म्हणाले, "पाय फिरवून जातो. दुसरीकडनं जातो. मग तर झालं?"

तिनं त्यांचा हात धरला आणि स्वतःच्या पोटावर ठेवला. "ह्याची शपथ हाय तुमाला. तिच्या मागच्या अंगाला खाली जायचं न्हाई. कुनीकडूनबी न्हाई. आज न्हाई आन् कवाबी न्हाई."

भिंतीवरची माणसं या वेळी हसली नाहीत. मालकांनी हात तसाच ठेवला. म्हणाले, "बरं."

दलाल बिचारा दुसरीकडं बघत ताक प्याला.

मीच म्हणाले, "मालक, मागं एखादं पांढरं धोतर तरी अंथरा." त्यांनी अंथरलं. मोटार पुन्हा तापवली, आणि उन्हं कलेपर्यंत धोतर तिथं राहिलं. काढून बघितलं तर लखलखीत. लोक म्हणाले, झालं. मालकांनी धोतर बराच वेळ हातात धरलं होतं. "कापडाला काय कळतंय," असं काहीतरी पुटपुटले. पण अक्काचे दिवस भरत चालले होते, आणि दुसरी मोटार कुठून आणायची? घेतली.

चाचा बीडचे. त्यांना मोटारीसाठीच ठेवून घेतलं. गावाच्या सपाट रस्त्यावर ते मोटार फिरवून आणायचे. तिथं बिरीक धरायचा. त्या मोटारीला बिरीक मागच्या दोन चाकांनाच होते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत असून काही उपयोगही नव्हता. रोज सकाळी मालक पुढून आडवे होऊन इंजिनाखाली निजायचे. मागं कधी गेले नाहीत. एकदा चाचा म्हणाले, "मालक, मैं देख लेता पीछे." मालक म्हणाले, "बगा की." चाचांनी वाकून बघितलं आणि सांगितलं, सूखा है. तेल चाकाच्या आतल्या अंगाला उतरत होतं, वाकून दिसण्यासारखं नव्हतंच. तिथं हातच घालायला हवा होता.

आता घाटात परत येते.

मोटार मालकांवरून गेली, आणि चाचांनी ती डोंगराच्या अंगाला घातली. खडीचा ढीग होता, त्यात पुढचं चाक रुतलं, मोटार भिंतीसारख्या दरडीला घासली आणि थांबली. मी पुढच्या बाकावर आदळले. अक्का बाकाखाली गेली. तिला वर घेतलं तेव्हा ती शुद्धीवर होती आणि एकच विचारत होती, "ते कुटं हाईत?"

मी मागं वळून बघितलं. रस्त्यावर मालक पालथे पडले होते. मुद्दाम बघितलं म्हणून सांगते, पाय पूर्वेला होते. दिशेचा काही संबंध नव्हता.

मग ते उठले. आधी गुडघ्यावर, मग उभे. मोटार उंच होती आणि ते दोन्ही चाकांच्या बरोबर मधे पडले होते, जसे नेहमी निजायचे तसे सपाट. हनुवटी फुटली होती, तळहात सोलले होते. चालत आमच्याकडं आले.

चाचा मागच्या चाकापाशी बसले होते. आतून हात घालून त्यांनी बाहेर काढला तर मनगटापर्यंत काळा. "पीछे का तेल, मालक. ब्रेक में उतर गया. भीगा ब्रेक क्या पकडता." चाकाच्या आतून तेलाचा ओघळ आला होता, घाटात मोटार तापल्यावर आता कुठं बाहेर दिसायला लागलेला.

मालकांनी त्या हाताकडं बघितलं. मग मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी त्यांची पाठ बघत होते. सदऱ्याला मानेपासून कमरेपर्यंत रुंद काळा पट्टा होता. मोटारीचं मागचं अंग त्यांच्या पाठीवरून घासून गेलं होतं. बघायची राहिलेली जागा त्यांच्या अंगाला आता कळली होती.

ते चाचांना म्हणाले, "बिरिकाची तार तुटली." चाचांना समजेना. "तार तुटली, चाचा. कुनीबी इचारलं तर तार."

"हौ," चाचा म्हणाले, आणि हात मातीत घासले.

पालीहून बाज आणि माणसं आणली. अक्काला बाजेवर घालून उरलेला घाट उतरलो आणि पालीत एका शेतकऱ्याच्या घरी नेलं. बीड तिथून लांब नव्हतं, पण आता हलवायची सोय राहिली नव्हती. त्या घरच्या म्हातारीनं आणि मी मिळून केलं जे करायचं ते. पुरुष माणसानं बाळंतिणीच्या खोलीत यायचं नसतं, पण अक्का त्यांना सोडेना. त्यांना आत बसवलं. ते आले ते भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखे एका अंगानं सरकत. बसले ते भिंतीला टेकून, आणि सगळं होईपर्यंत जागचे हलले नाहीत. म्हातारी म्हणाली, "जरा पुढं सरका, पानी आनायचंय." ते म्हणाले, "तुमीच जावा तिकडनं."

अक्कानं कळांमधे विचारलं, "कावून थांबली न्हाई ओ मोटार?"

"तार तुटली."

"तुमाला दिसली न्हाई का? एवढं झोपलाव खाली."

"न्हाई दिसली. माझं बगायचं ऱ्हायलं."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

त्या वाक्यावर ते पुढं आयुष्यभर राहिले. गाव हसलं, वर्षानुवर्षं हसलं. "मालक, म्हशीखालीच बरं हुतं!" पारावरून कुणीतरी म्हणायचं, आणि ते म्हणायचे, "हौ, माझं बगायचं ऱ्हायलं." आणि अक्कासुद्धा म्हणायची. भांडण झालं, भाजी करपली, पाऊस लांबला, की शेवटी तिथंच यायची. "सगळ्या दुनियेखाली झोपलाव आन् एक तार दिसली न्हाई तुमाला." ते मान हलवायचे. माझ्यासमोर हे कितीतरी वेळा झालं. त्यांनी एकदाही तेलाचं नाव काढलं नाही.

मला विचाराल तर मला हे सगळं पटत नाही. बायकांना खरं सोसत नाही असं समजून त्यांच्यापासून गोष्टी लपवणारी माणसं मी पुष्कळ बघितली, आणि एकीचंही त्यात भलं झालेलं बघितलं नाही. पण शपथ त्या पोटाची होती. तिनं ती घातली होती आणि त्यांनी ती पाळली होती. हे मी तरी तिला कोणत्या तोंडानं सांगितलं असतं? सांगितलं नाही. आता दोघंही नाहीत, म्हणून लिहिते.

तो सदरा त्यांनी मला दिला. "जाळा," म्हणाले. मी आधी राखेनं घासला, मग रिठ्यानं, मग चुना लावून उन्हात टाकला. डाग गेला नाही. जाळायला माझं मन झालं नाही, कापड चांगलं होतं. पाठ कापून चुलीत घातली आणि पुढच्या भागाचं, मागून मला पोर झालं तेव्हा, त्याचं झबलं शिवलं. मालकांनी ते झबलं अंगणात वाळत घातलेलं बघितलं.

त्यानंतर ते कशाखाली निजले नाहीत. मोटार भंगारवाल्याला दिली. पावसाळ्यात माळवद गळायला लागलं की माझ्या दारात उभं राहून विचारायचे, "बाई, कुटं गळतंय?" मी बोटानं दाखवायची. मी दाखवायची तिथं ते माती टाकायचे. ते बरोबर नसायचं, आणि पुन्हा गळायचं.

पालीत दिवस मावळायच्या आत अक्का मोकळी झाली. मुलगा होता. म्हातारीनं त्याला पाय धरून हलवला, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली, पण तो रडला नाही. मग फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. मालक भिंतीला पाठ लावून बसले होते, त्यांनी हात पुढं केले, मी तो त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी फडकं नीट केलं आणि पाय झाकले.

त्या दिवशी घाट उतरायला निघालो ते चौघं होतो. अक्का, मालक, चाचा आणि मी. चौघंही वाचलो.